घोडा देणाऱ्याचं ऋण

म्हैसूरहून टी. नरसीपूरच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरांवर वरुणा लागतं. मोठं तळं, तळ्यावर हिवाळ्यात उतरणारे पक्षी, महालिंगेश्वराचं गंगकालीन देऊळ आणि जुने वीरगळ. कर्नाटकाबाहेरच्या लोकांनी हे नाव ऐकलेलं असतं ते निवडणुकीच्या बातम्यांत. आमच्या घरात मात्र ते एका घोडीमुळे घेतलं जायचं, आणि घेतलं की आप्पा, म्हणजे माझे आजोबा, उठून बाहेर जायचे.

आप्पांचा टांगा होता. म्हैसुरात तेव्हा स्टेशनासमोर टांग्यांची रांग लागे. आमची राणी त्या रांगेत बारा-तेरा वर्षं उभी राहिली. मग रिक्षा आल्या, राणीचे गुडघे धरले आणि आप्पांनी तिला वरुण्याच्या एका शेतकऱ्याला दिलं. शेतावर हलकं काम आणि तळ्याकाठचं गवत, असा विचार. पंधरा दिवसांनी ते गुळाचा खडा घेऊन तिला बघायला गेले, तर ती तिथे नव्हती. त्या माणसाने ती बाजारात पुढे विकली होती. कुठल्या बाजारात, कोणाला, हे त्याला सांगता आलं नाही.

ही गोष्ट मी लहानपणी अनेकदा ऐकली, पण तिच्यातला प्रश्न मला कळला तो फार नंतर, संस्कृतातून मराठीत काही उतारे करून देण्याचं काम हाती आलं तेव्हा. तैत्तिरीय संहितेत वरुण देवाची एक कथा आहे. प्रजापतीने वरुणाला घोडा दिला आणि देणारा प्रजापतीच आजारी पडला. वरुणाच्या पाशात सापडला, त्याचं अंग पाण्याने फुगलं. मग त्याने वरुणासाठी चार कपालांवरचा पुरोडाश अर्पण केला आणि तो सुटला. कथा इथे संपते आणि विधी सुरू होतो: जो घोडा स्वीकारतो त्याला वरुण धरतो, म्हणून जितके घोडे स्वीकारले तितके पुरोडाश त्याने द्यावेत.

अनुवाद करणारा माणूस इथे अडतोच. कथेत आजारी पडतो देणारा, आणि विधी सांगितलाय घेणाऱ्याला. मग प्रायश्चित्त कोणाचं? जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आणि त्यावरच्या शबरभाष्यात याच प्रश्नाची चर्चा आहे. निर्णय असा की इष्टी देणाऱ्याने करायची. कथा आधी येते, म्हणून विधीतलं क्रियापद तिच्याशी जुळवून प्रयोजक अर्थाने वाचायचं. ‘स्वीकारतो’ असं नव्हे, ‘स्वीकारायला लावतो’ असं. मीमांसकांना वाक्याची सुसंगती हवी होती, घोड्याची कणव त्यांच्या मनात नसेलही. तरी त्यांचा निकाल मला आप्पांच्या अंगणात घेऊन गेला. घोडा दुसऱ्याच्या हाती दिला, की सुटका होत नाही. ऋण देणाऱ्याकडेच राहतं.

वरुण्याजवळच्या मुलखात प्राण्याचं ऋण दगडावर लिहून ठेवल्याचं एक उदाहरण आहे. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा शिलालेख दहाव्या शतकाच्या मध्यावरचा, तक्कोलमच्या लढाईनंतरचा. त्या लढाईत मनलेर नावाच्या वीराने पराक्रम केला. गंग राजा बूतुग त्याला म्हणाला, हवं ते माग. त्याने राजाचं काळी नावाचं शिकारी कुत्रं मागितलं. पुढे काळी एका मोठ्या रानडुकराशी झुंजली आणि दोघंही मेली. मनलेराने चल्लेश्वराच्या देवळासमोर तिचा दगड उभा केला, जमीन लावून दिली आणि पुजाऱ्याला बजावलं की या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही. हा दगड आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. कुत्रं आणि डुक्कर दोन्ही त्यावर कोरलेली आहेत.

घोड्याच्या वाट्याला असं क्वचित आलं. कर्नाटकात काय नि महाराष्ट्रात काय, वीरगळांवर घोडे पुष्कळ दिसतात, पण ते स्वाराच्या मांडीखाली. लेखात नाव स्वाराचं, त्याच्या बापाचं, गावाचं आणि राजाचं. गाई सोडवताना वीर पडला हे लिहिलेलं असतं. त्याच्याखालचं जनावर पडलं की वाचलं, ते लिहिलेलं नसतं.

मराठी कागदांत घोडा भरपूर आहे, पण तिथे त्याची जात निराळी. लष्कराच्या गणतीत कारकून घोड्याचा रंग, वय आणि खुणा टिपून घेई: अबलख, कुमाईत, बोर, सब्जा, पंचकल्याणी. हे शब्द वाचताना कविता वाचल्यासारखं वाटतं, पण त्यांचा उद्देश रोकडा होता. चांगला घोडा दाखवून पगार घ्यायचा आणि मोहिमेला तट्टू आणायचं, ही लबाडी पकडायची होती. सरकारच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराची सारी पत त्या चार पायांवर उभी असे. घोडा पडला आणि दुसरा घ्यायला पैसा नसला, की शिलेदाराचा बारगीर व्हायचा, नाहीतर पायी चालायचा. शिलेदार घोडा जपून लढतात, अशी तक्रार इंग्रज निरीक्षकांनी केली आहे. त्यांना तो भित्रेपणा वाटला. घरचं शेत, बायकोचे दागिने आणि सावकाराचं कर्ज ज्या जनावरात गुंतलंय, ते तोफेच्या तोंडी कोण देईल?

हा शब्द म्हैसुरातही आला. म्हैसूर संस्थानच्या घोडदळाला ‘सिलेदार’च म्हणत. शहराच्या उत्तरेला कुणिगलला टिपूच्या काळापासून घोड्यांची पैदास होते. नंतर तिथे या सिलेदार पथकांसाठी घोडी वाढवली जात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याजवळ असईला वेलस्ली शिंदे-भोसल्यांशी लढला, तेव्हा त्याच्या बाजूला म्हैसूरचे सुमारे २,४०० स्वार होते. त्यांचा सरदार होता बिष्टोपंत. पलीकडे शिंद्यांचे स्वार. दोन्हीकडे घोड्याच्या साजाची, चालीची आणि रंगाची नावं बहुतेक एकच असणार. कन्नडमध्ये स्वाराला ‘रावुत’ म्हणतात, मराठीत ‘राऊत’. भाषेची सरहद्द माणसांनी आखली. घोड्यांच्या पागेत ती कधी नीट उमटली नाही.

मराठ्यांच्या इतिहासात एका घोडीची आठवण मात्र तिच्या स्वाराने जन्मभर वागवली. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावरून महादजी शिंदे दक्षिणेकडे निघाले ते एका दख्खनी घोडीवर. एक अफगाण स्वार मागे लागला. तो थांबेना, घोडी थकली आणि शेवटी एका खळग्यात कोसळली. अफगाणाने महादजींच्या गुडघ्यावर घाव घातला, लुटलं आणि तो निघून गेला. राणेखान नावाच्या पखालवाल्याने त्यांना बैलावर घालून वाचवलं. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानलं. जन्माचं लंगडेपण राहिलं. राणेखानाचं ऋण फेडता आलं, कारण तो माणूस होता. घोडीचं काय? माल्कमने १८२३च्या आपल्या ग्रंथात नोंदवलंय की दिल्लीची सूत्रं हाती आल्यावरही महादजींना स्वप्नात तो अफगाण दिसे: त्याचा ओबडधोबड घोडा आणि पुढे पळणारी आपली देखणी दख्खनी घोडी. इतक्या वर्षांनी ती पुन्हा पळत होती, आणि पुन्हा पुरी पडत नव्हती.

असईनंतर बरोबर ११५ वर्षांनी, २३ सप्टेंबर १९१८ रोजी, म्हैसूरचे घोडे पॅलेस्टाईनमध्ये हैफाच्या वेशीवर होते. म्हैसूर लान्सर्स १९१४ साली इजिप्तला गेले होते. त्या दिवशी जोधपूरचे स्वार नदी आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने शहरावर धावून गेले, आणि म्हैसूरचे स्वार कार्मेल डोंगर चढून वरच्या तोफांवर गेले. मशीनगनसमोर भाले घेऊन घोडदळाने जिंकलेल्या शेवटच्या लढायांपैकी ही एक. ब्रिगेडची हानी अशी नोंदलेली आहे: ८ माणसं ठार, ३४ जखमी, ६० घोडे ठार, ८३ जखमी. बेंगळुरूत म्हैसूर लान्सर्सचं स्मारक आहे, दिल्लीत तीन मूर्ती आहेत. २०१८मध्ये दिल्लीच्या चौकाच्या नावात ‘हैफा’ हा शब्द जोडला गेला. या स्मारकांवर मान माणसांचा आहे. त्या ६० घोड्यांची नावं त्यांच्या स्वारांबरोबर गेली.

आणि जे जगले? युद्ध संपल्यावर ब्रिटिश फौजेने इजिप्त-पॅलेस्टाईनमधले हजारो घोडे घरी नेले नाहीत. म्हातारे गोळी घालून मारले, काही इतर पथकांकडे गेले, बाकीचे तिथेच विकले. ऑस्ट्रेलियातून १,३०,०००हून अधिक घोडे त्या युद्धावर गेले. मायदेशी परतला तो एक, सँडी नावाचा. घोडा विकला जाण्यापेक्षा आपल्या हाताने मेलेला बरा, असं वाटणारे स्वारही होते. १९३०मध्ये डोरोथी ब्रुक ही एका इंग्रज अधिकाऱ्याची बायको कैरोला आली, तेव्हा तिला दगडाच्या खाणींत आणि गाड्यांना जुंपलेले ते घोडे दिसले. वीस-बावीस वर्षांचे, हाडं वर आलेले, अंगावर अजून फौजेचा डाग असलेले. तिने लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहून पैसे जमवले, तीन वर्षांत सुमारे ५,००० घोडे विकत घेतले आणि १९३४ साली कैरोत त्यांच्यासाठी दवाखाना काढला. बहुतेक घोडे बरे होण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांना ती काही दिवस मऊ गवतावर ठेवी, पोटभर चारी आणि मग शांतपणे झोपवी.

मला वाटतं, मीमांसकांचा निकाल तिला न वाचताच कळला होता. तिने विकत घेणाऱ्या खाणवाल्यांना शिव्या घातल्या नाहीत. ते गरीब होते, घोडाच त्यांची भाकरी होती. घोडा देणारा देश तिचा होता, म्हणून फेडणंही तिचं.

आप्पा वरुण्याच्या त्या शेतकऱ्याला कधी वाईट बोलले नाहीत. आजी बोलायची. ते म्हणायचे, ‘‘त्याची काय चूक? दिली मी ना.’’ दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, म्हैसूरच्या राजवाड्यात पट्टाच्या हत्तीची नि पट्टाच्या घोड्याची पूजा होते. आमच्या घरी त्या दिवशी आजोबांची कातर, विळा नि सायकल धुऊन पुजत. ते झालं की आप्पा हळदकुंकवाची वाटी घेऊन मागच्या अंगणात जात. तिथे राणीचा खुंटा होता. त्याला हळदकुंकू लावत, भिजवलेल्या हरभऱ्यांची मूठ त्याच्या बुडाशी ठेवत. चिमण्या ते खाऊन जात. ते गेले त्या वर्षापर्यंत हा नेम चुकला नाही.

घर विकलं तेव्हा नव्या मालकाने अंगणात फरशी घालायला घेतली. खुंटा उपटायच्या आधी आई मला म्हणाली, ‘‘जा, लावून ये.’’ दिवस खंडेनवमीचा नव्हता. मी वाटी घेऊन गेले.