भाव लोक ठरवतात

साल 1913. ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर, टोटच्या (म्हणजे सगळ्यांच्या पैजांचे पैसे एकत्र करून त्यातूनच जिंकणाऱ्यांना वाटणाऱ्या टोटलायझेटरच्या) इमारतीसमोर तुम्ही उभे आहात. आत पियानोच्या तारा, कप्प्या आणि बिडाच्या पेट्यांचं जंजाळ. साखळ्यांना जड वजनं लटकतायत, त्यांच्याच जोरावर सगळं चालतं. खिडकीमागच्या कारकुनानं दांडा ओढला की तिकीट तुमच्या हातात येतं आणि बाहेर फलकावर तुमच्या घोड्याचा आकडा सरकतो. वरची एकूण बेरीजही.

हे यंत्र जॉर्ज ज्युलियसचं. बिशपचा मुलगा! मुळात त्यानं ते मतमोजणीसाठी आखलं होतं. सरकारनं नाकारलं, म्हणून ते घोड्यांकडे वळलं. मला तर यात फारसा फरक दिसत नाही. इथेही लोकांचं मतच मोजलं जातंय.

फलकावर भाव लिहिलेला नाही. तो मनातल्या मनात तुम्हीच काढायचा. समजा एकूण 3000 तिकिटं खपली, आणि दहावा हिस्सा कापला गेला. उरली 2700 तिकिटांची रक्कम. लाडक्या घोड्यावर 1000 लागली असतील, तर तो जिंकल्यावर एका तिकिटामागे 2.70 पट परत. कोपऱ्यातल्या दुर्लक्षित घोड्यावर 100च असतील, तर 27 पट. तुम्ही खूश होऊन त्याचं तिकीट काढता. तेवढ्यात कुणीतरी येऊन त्याच घोड्यावर आणखी 300 तिकिटं घेतो. पुन्हा भागाकार करा: साडेसात पटही उरत नाही. घोडा तोच, पाय तेच! खिडकी बंद होईपर्यंत खरा भाव कुणालाच ठाऊक नसतो. आणि भाव बांधून देणारे बुकी इथे कायद्यानं नुकतेच हद्दपार झालेत.

आता 1977 मध्ये या. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, इंडियन डर्बीची शर्यत. इथे टोटही आहे, बुकीही. बुकी ‘पाचास एक’ म्हणाला की तो भाव तुमच्यापुरता पक्का; नंतर पब्लिक कुठेही धावो. जिंकलात तर पाच नफ्याचे आणि तुमचा एक, असे सहा हातात. टोटच्या डिव्हिडंडमध्ये (परताव्याच्या आकड्यात) मात्र तुमची रक्कम आधीच धरलेली असते. नवखा माणूस हमखास इथे फसतो.

आज स्क्वॉन्डरर धावतोय, कारकिर्दीत एकोणीसपैकी अठरा शर्यती जिंकणारा घोडा. त्याच्यावर ‘विन’ लावून सुटणार किती? चहापाणी. ‘प्लेस’ म्हणजे घोडा पहिल्या तिनांत आला तरी चालेल (थोडेच घोडे असले तर पहिल्या दोनांत). त्याच्या बाबतीत त्याहून कमी.

तुम्ही जॅकपॉटच्या रांगेकडे वळा. लागोपाठच्या पाच शर्यतींचे विजेते सांगायचे. प्रत्येक शर्यतीत तीन घोडे घेतलेत तर 243 तिकिटं होतात, खिसा फाटेल. पण अशा घोड्याची शर्यत त्या पाचांत असेल, तर तिथे त्याचं एकच नाव लिहा: तिकिटं 81वर येतात. विनच्या खिडकीत कवडीमोल ठरलेला फेव्हरिट इथे पैसे वाचवतो. फक्त उरलेल्या चार शर्यतींतही फेव्हरिटच आले, तर अर्ध्या मुंबईचा जॅकपॉट लागेल आणि पूल (जमलेली सगळी रक्कम) तिच्यातच वाटला जाईल. तेव्हा निदान एका शर्यतीत तरी असा घोडा घ्या, ज्याचं नाव ऐकून रांगेतला पुढचा माणूस तुमच्याकडे वळून बघेल.