प्रशिक्षकाची पारख आणि बंगळूरचा धडा

संघाला प्रशिक्षक हवा, म्हणून जाहिरात द्यावी, आलेल्या अर्जांची छाननी करावी आणि जाणत्यांच्या समितीपुढे उमेदवारांच्या मुलाखती घेऊन एकास त्या हुद्द्यावर नेमावे, ही रीत भारतीय क्रिकेटच्या अंगवळणी इतकी पडली आहे की तिचे वय फारसे नाही याचे विस्मरण होते. १९७४ साली बंगळुरास रणजी करंडकाच्या उपान्त्य सामन्यात एरापल्ली प्रसन्न यांच्या कर्नाटकाने, ओळीने पंधरा वर्षे अजिंक्यपद भोगणाऱ्या मुंबईची सद्दी संपवली, तेव्हा मैदानावरील कारभाराची मुखत्यारी कर्णधाराकडेच असे. खेळाडूंना घडविणारा गुरू मात्र संघाबाहेरचा असे. इंदुरात मराठी कुटुंबात जन्मून बंगळुरात वाढलेल्या राहुल द्रविडला केकी तारापोर यांच्यासारखा शिक्षक लाभला, तो या शहराच्या उन्हाळी शिबिरात.

पगारी, पूर्णवेळ परदेशी प्रशिक्षक नेमण्याचा प्रघात २००० साली जॉन राइट यांच्यापासून पडला, आणि त्याच वर्षी बंगळुरात राष्ट्रीय क्रिकेट अकादमीही सुरू झाली. राइट हे त्यापूर्वी केंट परगण्याचे प्रशिक्षक होते व त्या हंगामात द्रविड त्यांच्या हाताखाली खेळला होता. राइट आणि सौरव गांगुली यांच्या अमलात काय साधले याचे एक उदाहरण पुरे आहे : संघात एक जादा फलंदाज बसावा म्हणून द्रविडने यष्टिरक्षणाचे जोखमीचे व शरीर थकविणारे काम पत्करले, आणि २००३ च्या विश्वचषकात भारत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पुढे २००५ साली ग्रेग चॅपेल आले. फलंदाज म्हणून त्यांची योग्यता वादातीत होती. तथापि काही महिन्यांतच त्यांचे व गांगुलीचे बिनसले, कर्णधारपद द्रविडकडे आले आणि २००७ च्या विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत गारद झाला.

या शहराला जिव्हारी लागणारा प्रसंग २०१६–१७ चा. त्या वर्षी प्रशिक्षकपदासाठी सत्तावन्न अर्ज आले आणि सचिन तेंडुलकर, गांगुली व लक्ष्मण यांच्या समितीच्या शिफारशीने बंगळुरच्या अनिल कुंबळे यांची नेमणूक झाली. कसोटीत ६१९ बळी, शिस्त, अभ्यास, चारित्र्य, यांपैकी कशातच उणे काढावे असे नव्हते. संघ जिंकतही होता. तरीही चँपियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यानंतर दोनच दिवसांनी, २० जून २०१७ रोजी, त्यांनी राजीनामा दिला व कर्णधाराला आपल्या कार्यपद्धतीविषयी हरकती असल्याने ही जोडी टिकण्याजोगी नाही, अशा आशयाचा खुलासा केला. समितीने उमेदवाराची पारख अचूक केली होती. जोडीची पारख करणे तिच्या कामात कुणी घातलेच नव्हते.

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये जोडी जुळण्याचा हा प्रश्न अधिक ठळक होतो, कारण तेथे क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू हाती येताच दोनतीन सेकंदांत प्रतिपक्षाची रचना वाचून तो कोणाकडे फेकावा हे ठरवितो, आणि प्रशिक्षकाची सारी विद्या त्या एका निर्णयातून मैदानावर उतरते. १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा कारभार हाती घेतलेल्या बिल वॉल्श यांनी जो मोंटाना या तरुणाची चाचणी पाहिली. त्याचा बाहू इतरांइतका बलवान नाही, म्हणून बाकीचे संघ साशंक होते. वॉल्श यांचे लक्ष त्याच्या चपळ पदन्यासाकडे गेले, कारण त्यांची पद्धत लांब फेकीवर नसून आखीव, आखूड फेकींवर उभी होती आणि तिला नेमके हेच गुण हवे होते. नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत ८२ वा क्रमांक मिळालेला तो खेळाडू १९८२ च्या जानेवारीत विजेतेपदाचा मानकरी ठरला. गुण हा स्वयंभू नसतो. कोणाच्या हाताखाली, कोणत्या पद्धतीत, यावर तो गुण ठरतो.

हे तत्त्व द्रविडच्या कारकिर्दीत आपणांस घरच्या घरी पाहावयास मिळते. त्याच्या हाताखालच्या एकोणीस वर्षांखालील संघाने २०१८ साली विश्वचषक जिंकल्यावर क्रिकेट मंडळाने त्याला पन्नास लाख व साहाय्यकांना वीस लाख इनाम जाहीर केले, तेव्हा हा भेद त्याला रुचला नाही व अखेर सर्वांना सारखी रक्कम मिळाली. दौऱ्यावर नेलेल्या प्रत्येक मुलाला निदान एक सामना खेळावयास मिळावा, हा त्याचा दंडक होता. २०१९ पासून अकादमीची धुरा वाहताना पुढे भारतीय संघात गेलेली कित्येक मुले त्याच्या नजरेखालून गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुलक्षणा नाईक व आर. पी. सिंग यांच्या समितीने त्याला भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी एकमताने निवडले, आणि २९ जून २०२४ रोजी रोहित शर्माच्या संघाने बार्बाडोसला विश्वचषक जिंकला, तेव्हा खेळाडूंशी वर्षानुवर्षे जडलेला विश्वास हेच त्या उमेदवाराचे खरे भांडवल होते, हे सिद्ध झाले.

म्हणून निवड समित्यांनी उमेदवाराच्या विक्रमांची यादी वाचून थांबू नये. ज्या कर्णधाराबरोबर त्याला नांदावयाचे आहे त्यालाही बोलवावे, मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा हे नेमणुकीपूर्वीच ठरवावे, आणि पूर्वीच्या शिष्यांकडे त्याच्याविषयी चौकशी करावी. कुंबळे यांच्यासारख्या थोर पुरुषाला वर्षभरात पायउतार व्हावे लागले, ही किंमत एकदा मोजून झाली आहे. ती पुन्हा मोजण्याचे कारण नाही.