साधन आणि संहिता : कॉपीलेफ्टच्या इतिहासातील सीमारेषेचा प्रश्न

संगणकाची आज्ञावली ही कायद्याच्या दृष्टीने वाङ्मयीन कृती आहे. अमेरिकेने १९८० मध्ये आपल्या प्रताधिकार कायद्यात तशी दुरुस्ती केली. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील ‘वाङ्मयीन कृती’च्या व्याख्येत १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीचा अंतर्भाव झाला आणि १९९९ च्या दुरुस्तीने ती व्याख्या आजच्या रूपात स्थिरावली. या वर्गीकरणामुळे कर्ता, प्रत, अनुवाद, रूपांतर या साहित्यविचारातील परिचित संकल्पना एका सर्वस्वी निराळ्या लेखनव्यवहारात जाऊन पोहोचल्या. एका कृतीच्या आधाराने दुसरी घडते तेव्हा पहिली कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हा तौलनिक साहित्याभ्यासातील जुना प्रश्न. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत तो १९८० नंतर व्यवहाराच्या पातळीवर उभा राहिला. मुक्त साधने वापरून बंदिस्त, मालकी हक्काचे सॉफ्टवेअर कोठवर तयार करता येते, हे त्याचे रूप.

या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. ‘कॉपीलेफ्ट’ हा श्लेषात्मक शब्द त्यांना डॉन हॉपकिन्स या स्नेह्याच्या पत्रातून मिळाला. ग्नूच्या ‘जनरल पब्लिक लायसन्स’ या सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये आणि दुसरी जून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. परवान्याची युक्ती अशी, की तो प्रताधिकार नाकारत नाही, त्याचाच आधार घेतो. कर्त्याला कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या बळावर तो वाचकाला नक्कल, बदल आणि वितरण यांची मोकळीक देतो. अट एकच : त्या कृतीवर आधारलेली नवी कृती वितरित करणाऱ्याने तीच मोकळीक पुढच्यालाही द्यावी आणि मूळ स्रोतसंहिता उपलब्ध करावी.

केवळ वापरावर मात्र या परवान्याने कधीच बंधन घातले नाही. दुसऱ्या आवृत्तीत हे स्पष्टच आहे : आज्ञावली चालवण्यास मज्जाव नाही, तिच्यातून निघालेला मजकूर परवान्याच्या कक्षेत येतो तो त्या मजकुराचा आशयच मूळ आज्ञावलीवर आधारलेली कृती ठरत असेल तर. म्हणजे शब्दकोश हाताशी धरून केलेल्या अनुवादावर कोशकाराचा हक्क पोहोचत नाही. पण कोशातील नोंदी जशाच्या तशा अनुवादाच्या पुस्तकात छापल्या, तर प्रश्न बदलतो. कॉपीलेफ्टच्या इतिहासातील महत्त्वाचे वाद या दोन टोकांच्या मधल्या जागेत घडले.

पहिला प्रसंग १९८० च्या दशकाच्या अखेरीचा. स्टीव्ह जॉब्स यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या नेक्स्ट कंपनीने आपल्या संगणकासाठी ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा निवडली होती. कंपायलर म्हणजे मानवाने लिहिलेल्या संहितेचे यंत्रभाषेत भाषांतर करणारी आज्ञावली. ग्नूचा ‘जीसीसी’ हा कंपायलर १९८७ पासून उपलब्ध होता. त्याला ऑब्जेक्टिव्ह-सी समजावी म्हणून नेक्स्टने एक जोडभाग लिहिला. तो स्रोतसंहितेविना, केवळ यंत्ररूपात द्यावा आणि जीसीसीशी त्याची जोडणी वापरकर्त्यानेच करून घ्यावी, असा कंपनीचा विचार होता. दोन भाग वेगवेगळ्या हातांनी पोहोचले, म्हणजे कृतीही दोन झाल्या, असा त्यामागचा युक्तिवाद. ग्नूच्या बाजूने विधिज्ञाचा सल्ला घेण्यात आला. परस्परांवाचून अर्थ नसलेले दोन भाग निरनिराळ्या पाकिटांतून पाठवल्याने स्वतंत्र कृती होत नाहीत, ही भूमिका टिकली आणि नेक्स्टने जोडभागाची संहिता खुली केली. त्या भाषेतील आज्ञावली चालताना लागणारे साहाय्यक ग्रंथालय मात्र नेक्स्टने दिले नाही. ग्नूला ते स्वतंत्रपणे लिहावे लागले.

दुसरा प्रसंग १९९२ चा. ब्रूनो हायब्ले आणि मिखाएल श्टोल यांनी लिहिलेल्या ‘क्लिस्प’ या आज्ञावलीत, टंकलेल्या ओळीची दुरुस्ती करण्यासाठी ग्नूच्या ‘रीडलाइन’ ग्रंथालयाचा उपयोग होत असे. रीडलाइन संपूर्णपणे कॉपीलेफ्ट परवान्याखाली होते. हायब्ले यांनी तोडगा सुचवला : क्लिस्पसोबत रीडलाइनच्या जागी त्याच नावांची, पण काहीच काम न करणारी पोकळ कार्ये द्यावीत, ज्याला हवे त्याने खरे ग्रंथालय जोडून घ्यावे. स्टॉलमन यांना तो मान्य झाला नाही. एकत्र चालावी म्हणूनच रचलेली कृती एकच होय, असे त्यांचे म्हणणे होते. पत्रव्यवहारानंतर हायब्ले यांनी संपूर्ण क्लिस्प ग्नूच्या परवान्याखाली आणले. दुसऱ्याच्या ओळी न घेता केवळ त्यांची हाक मारणे हेही आधारित लेखन ठरते काय, हा प्रश्न येथे कर्त्यांच्या संमतीने मिटला. सिद्धान्त म्हणून तो सुटला नाही.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका आहे. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी ‘याक’ नावाचे साधन लिहिले. एखाद्या भाषेचे व्याकरणनियम दिले की त्या भाषेचे पदच्छेदन करणारी आज्ञावली ते स्वतःच लिहून देत असे. रॉबर्ट कॉर्बेट यांनी लिहिलेले आणि स्टॉलमन यांनी याकशी सुसंगत केलेले ‘बायसन’ हे त्याचे ग्नूतील समांतर साधन. नावातला विनोद उघड आहे. वापरणाऱ्याचे नियम ज्या सांगाड्यात बसवले जात, तो सांगाडा बायसनच्या स्वतःच्या संहितेतून शब्दशः उतरत असे. परिणामी बायसनच्या साहाय्याने बनवलेले पदच्छेदक केवळ मुक्त आज्ञावल्यांतच वापरता येत. हा कोणी मुद्दाम घेतलेला निर्णय नव्हता. सगळ्या स्रोताला नेहमीचा परवाना लावल्याचा तो आपोआप झालेला परिणाम होता. आवृत्ती १.२४ पासून सी भाषेतील नेहमीच्या प्रकारच्या पदच्छेदकांना आणि २००६ च्या आवृत्ती २.२ पासून सर्वच पदच्छेदकांना अपवाद देण्यात आला. बंदिस्त सॉफ्टवेअरविषयीच्या सहानुभूतीतून हे घडले नाही. निर्बंधामुळे इतर आज्ञावल्या मुक्त होण्यास फारशी मदत होत नाही, हा अनुभव त्यामागे होता.

हाच व्यवहारविचार ग्रंथालयांबाबतही दिसतो. १९९१ मध्ये ग्रंथालयांसाठी एक सौम्य परवाना काढण्यात आला. १९९९ मध्ये त्याच्या नावातील ‘लायब्ररी’ हा शब्द जाऊन ‘लेसर’, म्हणजे ‘उणा’, हा शब्द आला आणि स्टॉलमन यांनी त्याचा सरसकट वापर करू नये असे लिहिले. जे ग्रंथालय अन्यत्र सहज मिळते, त्याला सौम्य परवाना. ज्याला तोड नाही, त्याला कडक. सीमारेषा कोठे आखावी हे कृतीच्या स्वरूपावरून ठरले, तितकेच ते चळवळीच्या हितावरूनही ठरले. २००९ मध्ये जीसीसीच्या साहाय्यक ग्रंथालयांसाठी केलेल्या अपवादात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. कंपायलरने भाषांतरात सोडलेल्या स्वतःच्या ओळी बंदिस्त आज्ञावलीतही राहू देण्यात आल्या. मात्र भाषांतराच्या मधल्या टप्प्यावर जीसीसीला बंदिस्त जोडभाग लावला, तर ही सवलत मिळणार नव्हती. त्यानंतरच, २०१० च्या आवृत्ती ४.५ मध्ये, जीसीसीत जोडभागांना अधिकृत वाट मिळाली.

या सावधपणाची किंमतही होती. मधले रूप सहजासहजी बाहेर पडू नये अशी जीसीसीची रचना दीर्घकाळ राखली गेली. मोकळ्या, सुट्या भागांची रचना हवी असणाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या ‘एलएलव्हीएम’ या प्रकल्पाकडे मोर्चा वळवला. त्याच्या आधाराने ॲपलने पुढे आणलेला आणि २००७ मध्ये खुला झालेला ‘क्लँग’ हा कंपायलर कॉपीलेफ्टची अट नसलेल्या परवान्याखाली आहे. नेक्स्टचा वारसा १९९७ मध्ये ॲपलकडेच गेला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

वरील तिन्ही वादांपैकी एकही न्यायालयात गेला नाही. कृतीची सीमा न्यायाधीशाने आखली नाही. पत्रे, अपवाद आणि माघारी यांतून ती आखली गेली. त्यात एक पेच सतत राहिला. सीमा संकुचित करावी, तर वाचकाला दिलेली मोकळीक पहिल्याच वळणावर हिरावली जाते. ती विस्तारावी, तर हाक मारणाऱ्या प्रत्येक लेखनावर मूळ कर्त्याची सत्ता चालते आणि ज्या प्रताधिकाराला उलटे करण्यासाठी कॉपीलेफ्ट जन्मला, तोच अधिक बलवान होतो. अनुवाद, रूपांतर आणि आधार यांच्या व्याख्या करताना साहित्याभ्यासकाला हा पेच अनोळखी वाटू नये. नेक्स्टच्या दोन पाकिटांत आणि बायसनच्या सांगाड्यात तो शब्द मोजून दाखवता येतो, एवढाच फरक.