छावणीतला शिलेदार

कुंडलिकेचा पूल ओलांडून जुन्या जालन्यात शिरा. मस्तगड मागे पडेपर्यंत रिक्षांचे हॉर्न थांबलेले असतील, कारण साल आता १८९५ आहे. छावणीत पहाटेचा बिगूल झालाय आणि तुम्ही निजामाच्या मुलखातल्या इंग्रजी फौजेचे, हैदराबाद कंटिंजंटचे, स्वार आहात. इथं शिलेदारी चालते. घोडा सरकारचा नाही, तुमचा. तुम्ही त्याला खरारा करता, तोबऱ्यात हरभरे भरता. शेजारच्या ठाणावरचा जोडीदार येऊन तंग आवळून देतो. त्याचा हात तुमच्या मनगटावर जरा जास्तच रेंगाळतो आणि दोघंही झटकन दुसरीकडं बघता. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ आहे: जन्मठेप, नाहीतर दहा वर्षांपर्यंत कैद. शिक्षा पुढची गोष्ट. नुसता बोभाटा झाला तरी पलटणीत तोंड दाखवायची सोय नाही.

१९०३ मध्ये फौज जालना सोडते. कायदा मात्र मागे राहतो.

आता १९५०. निजामी गेली, तुम्ही स्वतंत्र देशाचे जवान आहात. नवा आर्मी ॲक्ट आलाय. त्यात समलिंगी हा शब्दच नाही, पण कलम ४६ ‘अनैसर्गिक’ वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद सांगतं. जोडीदाराला लिहिलेलं पत्र तुम्ही टाकत नाही, फाडता.

६ सप्टेंबर २०१८. तुम्ही सुट्टीवर घरी आलात. टीव्हीवर सुप्रीम कोर्टाचा निकाल: प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. आई चहा ठेवून जाते, तुम्ही आवाज कमी करता. चारच महिन्यांनी, १० जानेवारी २०१९ ला, लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत पत्रकारांना सांगतात की लष्करात हे चालू देणार नाही. पुढची सुट्टीही संपते, तुम्ही ट्रंक भरता, युनिटला हजर होता.

मेजर जे. सुरेश यांनी २०१० मध्ये नोकरी सोडली आणि आपण गे असल्याचं २०२० मध्ये जाहीरपणे लिहिलं. त्यांच्यावरून सुचलेल्या, चित्रपट दिग्दर्शक ओनीर यांच्या पटकथेला संरक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२२ मध्ये परवानगी नाकारली. आणि ज्यानं तुमच्या छावणीला ३७७ चा धाक घातला, त्या ब्रिटननं स्वतःच्या फौजेतली बंदी २००० सालीच उठवली. २०२३ मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी संसदेत माफीही मागितली.

आजच्या जालन्यात परत या. पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांमध्ये तुम्हीही आहात. छाती, उंची, सोळाशे मीटरची वेळ, सगळं मोजलं जाईल. मनातलं कुणी विचारणार नाही आणि तुम्ही सांगायचंही नाही, एवढी एकच अट १८९५ पासून तशीच आहे. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ नाही. आर्मी ॲक्टचं कलम ४६ मात्र जागेवर आहे. ते बदलायला कोर्टाची वाट बघायची गरज नाही. संसदेनं केलेला कायदा संसदच बदलू शकते, आणि तिनं तो बदलावा.