सैनिकी सेवेचा खोटा दावा, अमेरिकेतील

सैनिकी सेवेचा खोटा दावा, अमेरिकेतील : न केलेली युद्धसेवा केल्याचे अथवा न मिळालेले शौर्यपदक मिळाल्याचे सांगणे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रकार जुना आहे. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८२ मध्ये सामान्य सैनिकांसाठी गुणचिन्ह सुरू केले, त्याच आदेशात अधिकार नसता ते धारण करणाऱ्यास कडक शिक्षा सांगितली होती. यादवी युद्धातील (१८६१–६५) अखेरचा सैनिक म्हणून १९५९ मध्ये टेक्सस राज्यात ज्या वॉल्टर विल्यम्सला मानवंदना मिळाली, तो जनगणनेच्या नोंदींनुसार युद्धारंभी सहा-सात वर्षांचा बालक होता.

व्हिएटनाम युद्धाच्या काळात स्थिती नेमकी उलट झाली. सक्तीच्या भरतीमुळे युद्धावर गेलेले तरुण एकेकटे परतले. त्यांचे समारंभपूर्वक स्वागत झाले नाही आणि अनेकांनी आपल्या सेवेविषयी मौन पाळले. निदर्शक त्यांच्यावर थुंकत, ही आठवण मात्र जेरी लेम्के या समाजशास्त्रज्ञाने (१९९८) पुराव्याअभावी शंकास्पद ठरविली आहे. सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली. वॉशिंग्टन येथे १९८२ मध्ये मृतांच्या नावांची भिंत उभी राहिली व १९९१ च्या आखाती युद्धानंतर सैनिकांच्या विजयी मिरवणुका निघाल्या. सेवा लपविण्याचे कारण उरले नाही. तिचा खोटा अभिमान मिरविणे मात्र लाभाचे झाले. पुलिट्झर पारितोषिकविजेते इतिहासकार जोसेफ एलिस यांनी आपण व्हिएटनाममध्ये लढल्याचे विद्यार्थ्यांना सांगितले होते. ते असत्य असल्याचे २००१ मध्ये उघडकीस आले व महाविद्यालयाने त्यांना वर्षभर बिनवेतन निलंबित केले. वस्तुतः वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमीत इतिहास शिकवून त्यांनी लष्करी सेवा बजावलेली होती. तेवढी त्यांना पुरेशी वाटली नसावी.

पदकाविषयी खोटे बोलणे हाच गुन्हा ठरविणारा कायदा २००६ मध्ये अंमलात आला. कॅलिफोर्नियातील एका पाणीपुरवठा मंडळाचा सदस्य झेवियर अल्वारेझ याने ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाल्याचे सभेत सांगितले होते. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी हा कायदा भाषणस्वातंत्र्याशी विसंगत ठरविला. पदकविजेत्यांची यादी सर्वांना पाहता आली, तर असत्य सहज उघडे पडेल, असा बहुमतातील न्यायाधीशांचा एक युक्तिवाद होता. २०१३ च्या सुधारित कायद्यानुसार पैसा वा अन्य मूर्त लाभ मिळविण्याच्या हेतूने केलेला दावाच दंडनीय आहे. पडताळणीही नेहमी सोपी नसते : सेंट लुई येथील अभिलेखागाराला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांच्या सु. ८० टक्के सेवापत्रिका नष्ट झाल्याने, खऱ्या सैनिकांनाही आपली सेवा अन्य कागदपत्रांनी सिद्ध करावी लागते.