बॅलार्ड पिअर : रचना आणि लोकव्यवहार

मुंबई बंदरातील बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाकाठी १० लक्ष प्रवाशांची ये-जा व्हावी अशी त्याची योजना आहे. या वास्तूचा विचार करताना तिच्या विस्तारापेक्षा एक जुना प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. तो असा की, धक्क्याची रचना ‘प्रवासी’ कोणास मानते?

मुंबई पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव या धक्क्यास मिळाले. अलेक्झांड्रा गोदी १९१४ मध्ये खुली झाली. तीच आजची इंदिरा गोदी होय. तिच्या खोदकामातील मातीची भर घालून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. धक्क्यालगत आगगाडीचे स्थानक होते. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्राँटियर मेल ही गाडी विलायती बोटींच्या हंगामात तेथूनच पेशावरकडे सुटत असे. बोटीतून उतरलेला साहेब शहरात पाऊलही न टाकता उत्तरेस रवाना होऊ शके. या रचनेत मुंबई हे गंतव्य नव्हते. तो केवळ एक दरवाजा होता.

कोकणच्या चाकरमान्याचा दरवाजा निराळा होता, तो म्हणजे भाऊचा धक्का. १७ जुलै १९४७ रोजी येथूनच रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून ६०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एकाच बंदरातील या दोन धक्क्यांवरून प्रवाशांची प्रतवारी स्पष्ट दिसून येते.

तथापि रचनाकाराचा हेतू म्हणजे वास्तूचा संपूर्ण इतिहास नव्हे. २८ डिसेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेहून परतलेले गांधीजी बॅलार्ड पिअरवर उतरले. त्यांच्या स्वागतास प्रचंड समुदाय लोटला होता. त्याच वेळी अस्पृश्य समाजातील निदर्शकही काळी निशाणे घेऊन तेथे उपस्थित होते. टपाल आणि साहेब यांच्या सोयीसाठी बांधलेला धक्का त्या दिवशी देशातील एका मूलभूत वादाचे व्यासपीठ झाला. ही भूमिका त्यास कोणत्याही आराखड्याने दिली नव्हती. ती लोकांनी दिली.

नव्या टर्मिनलमध्ये नोंदणी व तपासणीच्या ७२ खिडक्या आहेत. परदेशगमनाच्या वास्तूत अशी तपासणी अपरिहार्यच होय. परंतु ज्यांच्या हाती तिकीट नाही, अशा मुंबईकरांस या किनाऱ्यावर कितपत वाव राहील, यावरच या वास्तूचे सार्वजनिकत्व पारखावे लागेल. पाहुण्यांची सोय साधणे हा बंदराचा धर्म खराच. पण पाहुण्यास यजमानाचे दर्शनच घडू नये, ही जुनी चूक नव्या काचेआड पुन्हा घडता कामा नये.