पॅलेस्टाईनच्या स्त्रियांचे भरतकाम

पॅलेस्टाईनचा अर्वाचीन इतिहास सांगणारे तो बहुधा जाहीरनामे, ठराव आणि युद्धे यांच्या क्रमाने सांगतात. तो क्रम चुकीचा नव्हे. परंतु त्यात न बसणारे एक साधन त्या देशात विपुल होते, आणि ते निर्माण करणाऱ्या कित्येक हातांना अक्षरओळखही नव्हती. हे साधन म्हणजे खेड्यातील स्त्रियांचा भरतकाम केलेला पायघोळ झगा. त्याला थोब म्हणतात, आणि भरतकामाला तत्रीझ.

कापडाचे उभे-आडवे धागे मोजून त्यांवर रेशमाच्या फुल्या घालीत जायचे, ही त्यातील मुख्य रीत. मुलगी ती आईच्या शेजारी बसून शिके. रामल्लाहकडे पांढऱ्या कापडावर लाल रेशीम. याफाजवळच्या बैत दजनला सरूची झाडे आणि संत्र्याची फुले. हेब्रोनकडे 'पाशाचा तंबू' नावाची आकृती. गाझाकडे मजदलच्या मागांवरचे कापड आणि त्यावर कातरीची नक्षी. छातीवरची चौकट पाहिली की बाई कोणत्या भागातली ते जाणकाराला कळे. लुगड्याच्या काठावरून मुलूख ओळखणाऱ्या आपल्याकडच्या आजीबाईंना यात काहीच नवल वाटले नसते.

ही कला पूर्वी केवळ हौसेची होती आणि निर्वासितपणाने तिला बाजारात बसविले, असे पुष्कळदा म्हटले जाते. आम्हांला ते सर्वस्वी पटत नाही. बेथलेहेमच्या स्त्रिया कापडावर रेशमी व जरीचे गोफ टाचून छातीच्या चौकटी तयार करीत आणि इतर गावांच्या नववधू त्या विकत घेत, हे १९४८ च्या कितीतरी आधीचे. फ्रान्सच्या डीएमसी कंपनीचे सुती दोरे आणि नमुन्यांची पुस्तके विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यांत पोहोचली, आणि त्यांबरोबर गुलाब व पक्षीही आले. तेव्हा निर्भेळ, अस्पर्श अशी परंपरा १९४८ मध्ये मोडली असे नव्हे. मोडले ते निराळेच.

त्या वर्षीच्या युद्धात सात लाखांहून अधिक माणसे परागंदा झाली आणि चारशेंहून अधिक गावे ओस पडली. मजदलचे विणकर गाझात आले. गावात उरलेल्यांनाही १९५० मध्ये हलविण्यात आले. माग गेले, शेत गेले, आणि ज्या गावाची खूण म्हणून नक्षी भरायची ते गावच नकाशावर राहिले नाही. थोब भरायला महिनेच्या महिने लागतात; तेवढी उसंत आणि रेशमाचा पैसा तंबूत राहणाऱ्या बाईजवळ कोठून असणार? पुष्कळींनी आपले लग्नातले थोब विकून पोरांच्या तोंडी घास घातला.

मदतीचे काम याच टोकापासून सुरू झाले. निर्वासितांसाठी स्थापिलेल्या राष्ट्रसंघाच्या संस्थेने १९५० मध्ये गाझात 'सुलाफा' हा भरतकामाचा उपक्रम काढला. समीहा खलील यांनी १९६५ मध्ये अल-बिरे येथे 'इनआश अल-उसरा' ही संस्था उभारली. लेबनॉनच्या छावण्यांसाठी १९६९ मध्ये 'इनआश' निघाली. दुसरीकडे विदाद कावार यांनी जुने थोब जमविण्यात हयात घालविली. त्यांचा संग्रह २०१५ पासून अम्मानच्या 'तिराझ' या संस्थेत आहे.

ही दोन्ही कामे एकाच नावाने ओळखली जातात, पण त्यांची ओढ एका दिशेची नाही. संग्राहकाला हवा जुना, एका गावाचा, कशाची भेसळ नसलेला थोब. बाईला हवी या महिन्याची मजुरी, आणि ती मिळते उशीच्या अभ्र्यावर, बटव्यावर, मेजपोसावर. गिऱ्हाईक दर पाडते; त्यात यंत्रावर भरलेली स्वस्त नक्कल बाजारात येते. हाताच्या कामाला हाताचे मोल मिळाले नाही, तर मुलगी आईच्या शेजारी बसायचीच नाही. मग कपाटातल्या थोबाचे टाके मोजून दाखविणार कोण? म्हणून आमच्या मते या दोहोंत मजुरीचा प्रश्न आधीचा आहे.

भेसळीबद्दल रसिकांनी फार हळहळू नये. छावण्यांत दहा गावांच्या बायका शेजारी आल्या, एकमेकींचे नमुने उचलू लागल्या आणि १९६७ नंतरच्या काळात सहा उभ्या पट्ट्यांचा एक नवाच थोब रूढ झाला. तो एका गावाचा नाही. तो छावणीचा आहे, आणि म्हणूनच इतिहासाचा तितकाच अस्सल पुरावा आहे. १९८७ च्या उठावात झेंडा उघड फडकविण्यास बंदी होती, तेव्हा बायकांनी त्याचे रंग आणि देशाचा नकाशा अंगावरच्या कपड्यात भरला. शिपायाने बाईच्या अंगावरचा झगा जप्त कसा करावा?

युनेस्कोने डिसेंबर २०२१ मध्ये या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. नोंद झाली ती कौशल्याची आणि रीतीची, कपड्यांची नव्हे. दोन वर्षेही पुरी होण्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, राफाचे संग्रहालय बाँबहल्ल्यात जमीनदोस्त झाले.